पायातलं पाणी कुठून निघतं? लसिकावाहिन्यांच्या उगमाचा शंभर वर्षांचा वाद

डहाणू लोकलमध्ये दरवाज्यात उभं राहून ऐकत असाल तर जरा आत सरका, आजचा भाग थोडा लांबणार आहे. इतिहासाचाच भाग आहे, पण यात राजे नाहीत, किल्ले नाहीत. यात डुकराचे आणि मांजराचे गर्भ आहेत, एक शाईची सुई आहे आणि एक वाद आहे, जो १९०२ मध्ये पेटला आणि विझायला शंभरएक वर्षं लागली.

मी हे वाणगावातून बोलतेय. बोईसर आणि डहाणू रोडच्या मधलं आमचं स्टेशन. इथली मिरची तुम्ही खाल्ली असेल, नाव माहीत नसेल इतकंच. मिरचीच्या शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल की पाणी आणणं हे अर्धं काम. मुळाशी पाणी साचलं तर झाड गेलंच. म्हणून वाफ्याच्या कडेनं चर काढायचा, चरातून पाणी ओहोळाला, ओहोळातून खाडीला. शरीराचंही असंच आहे. हृदय धमन्यांतून रक्त पाठवतं, केसासारख्या बारीक वाहिन्यांमधून त्यातलं थोडं पाणी आणि प्रथिनं आजूबाजूच्या मांसात झिरपतात. हे झिरपलेलं पाणी परत न्यायला वेगळे चर असतात, त्या लसिकावाहिन्या. रोज साधारण ३ लिटर, कदाचित त्याहून जास्त द्रव या चरांतून वर चढतो आणि गळ्याखालच्या आडव्या हाडामागे मोठ्या शिरेत जाऊन पडतो. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, आजी म्हणते 'अवधान आलंय'. ते अवधान म्हणजे याच चरावरची चौकी.

आता प्रश्न असा. आईच्या पोटात गर्भ तयार होतो तेव्हा हे चर खणतं कोण? आणि कुठून सुरुवात होते? ओहोळाला फाटे फुटून ते शेतात शिरतात, की शेतात आधी डबकी होतात, डबकी जोडत जोडत चर होतो आणि मग तो ओहोळाला मिळतो? बघायला दोन्हीचं चित्र शेवटी सारखंच दिसणार. वाद नेमका इथंच झाला.

मागचं जरा पटकन सांगते. सूज माणसाला फार जुनी माहीत आहे. आपल्या सुश्रुतसंहितेत 'श्लीपद' नावाचा रोग आहे, ज्याला आपण हत्तीपाय म्हणतो. पण चर मात्र फारसे कुणाला दिसले नव्हते. दिसणार कसे? वाहिनी पारदर्शक, आतला द्रव बिनरंगी. १६२२ मध्ये इटलीत गास्पारे असेल्लीनं नुकत्याच खाल्लेल्या कुत्र्याचं पोट उघडलं आणि त्याला आतड्याभोवती पांढऱ्या दोऱ्या दिसल्या. चरबी शोषल्यामुळे त्या दुधासारख्या झाल्या होत्या. १६५१ मध्ये फ्रान्सच्या पेकेनं दाखवलं की हे दूध शेवटी गळ्याजवळच्या शिरेत जातं. पुढच्या दोन वर्षांत स्वीडनचा रुडबेक आणि डेन्मार्कचा बार्थोलिन यांनी सगळ्या अंगभर असे चर असल्याचं दाखवलं आणि मग आधी कोणी पाहिलं यावरून भांडले. या विषयाला भांडणाची सवय पहिल्यापासूनच आहे.

आता आपण बाल्टिमोरला जाऊ. अमेरिकेतलं बंदराचं शहर. १८९३ मध्ये तिथं जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल कॉलेज सुरू झालं. पैसे कमी पडत होते, तेव्हा मेरी गॅरेट नावाच्या श्रीमंत बाईनं मोठी देणगी दिली आणि अट घातली: मुलींना मुलांच्या बरोबरीनं प्रवेश द्यायचा. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाल्या, पण ते कॉलेज फक्त बायकांचं होतं. मुलामुलींचं एकत्र आणि वरच्या दर्जाचं वैद्यकीय शिक्षण ही त्यानंतर सात वर्षांनी, तीही पैशाच्या जोरावर मिळालेली गोष्ट. त्या उघडलेल्या दारातून फ्लोरेन्स सेबिन आत आली. १९०० मध्ये डॉक्टर झाली आणि शरीररचनेच्या विभागात फ्रँकलिन मॉल यांच्या हाताखाली संशोधनाला लागली.

विषय मिळाला लसिकावाहिन्यांचा. त्या काळी बऱ्याच जणांना वाटायचं की मांसात मोकळ्या फटी असतात, त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि शेवटी शिरेला जाऊन मिळतात. म्हणजे शेतातून ओहोळाकडे. सेबिननं डुकराचे गर्भ घेतले. डुकराचेच का? कारण कत्तलखान्यात ते सहज मिळतात, आणि एका वेळी एकाच वयाची बरीच भावंडं मिळतात. गर्भ केवढा? दीड-दोन सेंटिमीटर. त्याच्या कातडीत बारीक सुईनं रंगीत द्रव अगदी हलक्या हातानं सोडायचा. जोर जास्त झाला तर वाहिनी फुटते आणि रंग भलतीकडे पसरतो, मग तुम्ही जे बघता तो तुमच्या हाताचा दोष असतो, गर्भाची रचना नव्हे. हात मात्र तिचा फार चांगला होता.

तिला जे दिसलं ते तिनं १९०२ मध्ये छापलं. गर्भ लहान असताना रंग फक्त मानेजवळच्या शिरेला लागून असलेल्या छोट्या पिशव्यांत जातो. थोडा मोठा गर्भ घेतला की पिशवीतून फांद्या फुटलेल्या दिसतात. अजून मोठा घेतला की फांद्या कातडीत दूरवर पसरलेल्या. मांडीच्या बाजूलाही तसंच. तिचा निष्कर्ष सरळ होता: लसिकावाहिन्या शिरांना फुटलेले धुमारे आहेत. आधी शीर, मग पिशवी, मग जाळं. ओहोळाकडून शेताकडे.

आठ वर्षांनी उत्तर आलं. कोलंबिया विद्यापीठाचे जॉर्ज हंटिंग्टन आणि प्रिन्स्टनचे चार्ल्स मॅक्‌क्लुअर. दोघंही वयानं, मानानं मोठे. त्यांनी मांजराचे गर्भ घेतले, मेणात बसवून पातळ पातळ काप केले आणि एकेक काप सूक्ष्मदर्शकाखाली बघून मॉडेल उभं केलं. त्यांना मांसात सुट्या फटी दिसल्या, शिरेला न जोडलेल्या. त्यांचं म्हणणं, मानेजवळच्या पिशव्यांचं काहीही असो, बाकीचं जाळं या सुट्या फटींतूनच होतं आणि नंतर जोडलं जातं. आणि सेबिनच्या पद्धतीवर त्यांचा जो आक्षेप होता तो खरंच टोकदार होता: तुमचा रंग जोडलेल्या वाहिनीतूनच पुढं जाणार. जे अजून जोडलंच गेलेलं नाही, ते तुमच्या सुईला कधी दिसणारच नाही.

सेबिनकडेही उत्तर होतं. कापात दिसलेली फट खरोखर वाहिनीची आहे की मेणात बसवताना मांस आक्रसल्यामुळे पडलेली, हे सांगणार कोण? आणि दोन कापांच्या मध्ये एखादा बारीक दुवा हरवला नाही हे कशावरून? पुढची काही वर्षं दोन्ही बाजूंनी लेखांवर लेख येत राहिले. मला विचाराल तर मला या भांडणात मजा वाटते ती अशी की दोघंही खोटं बोलत नव्हते. ज्याच्या हातात जे हत्यार, त्याला गर्भ तसा दिसला.

सेबिनचं पुढं काय झालं? १९१७ मध्ये ती हॉपकिन्सची पहिली पूर्ण प्राध्यापक बाई झाली. त्याच वर्षी मॉल वारले आणि विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली. सगळ्यांना वाटत होतं ती तिला मिळेल. मिळाली तिच्याच एका जुन्या विद्यार्थ्याला. ती चिडून निघून गेली नाही, काम करत राहिली. कोंबडीच्या जिवंत गर्भात शिरा कशा जुळतात, पहिल्या रक्तपेशी कशा होतात हे तिनं रात्र रात्र जागून बघितलं. १९२५ मध्ये ती न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गेली आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आलेली पहिली बाई ठरली. लसिकेचा वाद मात्र तसाच लोंबकळत राहिला. १९५३ मध्ये ती गेली, तोवर निकाल लागला नव्हता.

निकाल लागायला इतका उशीर का, तर लसिकावाहिनी ओळखायची खूणच नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली ती बारीक शिरेसारखीच दिसते. आणि खरं सांगायचं तर या चरांकडे कुणाचं फार लक्षही नव्हतं. हृदय, मेंदू, कर्करोग यांना जी गर्दी, ती गटाराला कुठून असणार.

त्याआधी शिरेचंच एक कोडं सुटलं. शीर ही शीर आहे आणि धमनी ही धमनी, हे ठरतं कधी? जुना समज असा की आधी सगळ्या नळ्या सारख्याच असतात, रक्ताचा दाब आणि प्रवाह त्यांना शीर किंवा धमनी बनवतो. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिड अँडरसन यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर काम झालं आणि लक्षात आलं की नळ्या पूर्ण जुळण्याआधीच धमनीच्या पेशींवर एक प्रथिन असतं आणि शिरेच्या पेशींवर त्याचं जोडीदार प्रथिन. म्हणजे पेशीला आपली जात आधीच ठाऊक असते, प्रवाह ती पक्की करतो.

इथं एक आपल्या भाषेची गोष्ट सांगायलाच हवी. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड सायंटिफिक रिसर्चमध्ये मनीषा इनामदार यांच्या गटानं उंदराच्या गर्भातलं एक जनुक अभ्यासलं, जे रक्त आणि रक्तवाहिन्या घडताना काम करतं. त्याचं नाव 'रुधिर'. शोधनिबंधांत हे नाव छापलं जातं. २०१८ मध्ये त्यांनी दाखवलं की हे जनुक काढून टाकलं तर उंदराच्या गर्भात हृदय आणि वाहिन्यांचं जाळं नीट घडत नाही आणि पिल्लू गर्भातच मरतं. कारण वाहिनीच्या पेशीला फक्त असून चालत नाही, तिला योग्य दिशेनं सरकावं लागतं. हे जनुक पेशीच्या आतल्या सांगाड्याशी, म्हणजे तिच्या सरकण्याशी जोडलेलं आहे.

आता लसिकेकडे परत. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीत कारी अलितालो यांच्या गटानं दाखवलं की व्हीईजीएफआर-३ नावाचा एक ग्राहक मोठ्या प्राण्यात मुख्यतः लसिकावाहिन्यांवर असतो. ग्राहक म्हणजे पेशीचा कान समजा. पहिल्यांदा हाती खूण आली. मग १९९९ मध्ये मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात विगल आणि ओलिव्हर यांनी प्रॉक्स-१ नावाचं जनुक नसलेले उंदीर बघितले. त्यांच्या शिरा ठीक, धमन्या ठीक. लसिकावाहिन्या? एकही नाही.

आणि नीट पाहिल्यावर सगळी साखळी उलगडत गेली. उंदराचा गर्भ साडेनऊ-दहा दिवसांचा असताना मानेजवळच्या मोठ्या शिरेच्या भिंतीत, तेही एकाच बाजूला, काही पेशींत प्रॉक्स-१ सुरू होतं. त्या पेशी म्हणजे घरातच राहून वेगळं व्हायचं ठरवलेली भावंडं. बाहेरच्या मांसातून व्हीईजीएफ-सी नावाचं प्रथिन येतं, त्या कानानं त्या ते ऐकतात आणि शिरेतून बाहेर पडून त्याच्या दिशेनं जातात. २००४ मध्ये अलितालोंच्याच गटानं व्हीईजीएफ-सी नसलेले उंदीर केले, तेव्हा पेशींनी वेगळं व्हायचं ठरवलं होतं पण त्या घराबाहेर पडल्याच नाहीत. गर्भ पाण्यानं फुगून मेला. बाहेर पडलेल्या पेशींच्या पिशव्या होतात. सेबिनच्याच त्या पिशव्या. माणसाच्या गर्भात हे सगळं सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमाराला घडतं, बऱ्याच आयांना तेव्हा दिवस गेल्याचंही नुकतंच कळलेलं असतं.

एक बारीक पण महत्त्वाची अडचण राहते. पिशवी शिरेतून निघाली, मग शिरेतलं रक्त तिच्यात का घुसत नाही? तिथं प्लेटलेट मदतीला येतात. हो, त्याच, डेंग्यूत ज्यांचा आकडा रोज बघतो त्या. लसिकेच्या पेशींवरचं एक प्रथिन त्यांना चिकटवून घेतं, त्या जोडावर जमतात आणि रक्त आत शिरू देत नाहीत. ज्या उंदरांत ही सोय बिघडवली, त्यांच्या लसिकावाहिन्या रक्तानं भरलेल्या निघाल्या.

२००७ मध्ये ओलिव्हर यांच्या प्रयोगशाळेत सतीश श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी शिरेच्या पेशींना कायमची खूण केली, जी त्यांच्या लेकीनातींतही राहते. पुढं बघितलं तर लसिकावाहिन्यांत तीच खूण. शाईच्या सुईनं जे दिसलं होतं ते शंभर वर्षांनी जनुकाच्या शाईनं पुन्हा दिसलं. सेबिन बरोबर होती.

पण गोष्ट इथं संपली असं समजू नका. २०१५ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी उंदराचं हृदय, आतड्याभोवतीचा पडदा आणि कातडी तपासली. तिथल्या काही लसिकावाहिन्या शिरेच्या लेकी निघाल्या नाहीत. त्या सुट्या पेशींच्या पुंजक्यांतून झाल्या आणि नंतर जाळ्याला जोडल्या गेल्या. म्हणजे हंटिंग्टनच्या मांजरातल्या त्या सुट्या तुकड्यांना अगदीच अर्थ नव्हता असं नाही. काही जण लगेच म्हणतात, बघा, दोघंही बरोबर. मला ते पटत नाही. मुख्य ओघ शिरेतूनच येतो, काही ठिकाणी शेतातली डबकीही जोडली जातात. बरोबरीत सोडवायचा हा सामना नव्हे.

आता तुम्ही विचाराल, वाणगावात बसून हे सगळं कशाला? तर पायासाठी. आपल्या पालघर जिल्ह्यात हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायची मोहीम झालेली आहे, आशाताई दारात येऊन समोरच गोळी खायला लावतात, ते तुम्हाला आठवत असेल. हत्तीरोगाचा जंतू म्हणजे धाग्यासारखा कृमी. क्युलेक्स डास चावतो, कृमी अंगात शिरतो आणि राहायला जागा निवडतो ती लसिकावाहिनी. तिथं वर्षानुवर्षं राहतो. त्याची पिल्लं रात्री रक्तात येतात, म्हणून रक्ताचा नमुनाही रात्रीच घेतात. १८७२ मध्ये कलकत्त्याला टिमोथी लुईस यांना ती पिल्लं माणसाच्या रक्तात दिसली, १८७७ मध्ये चीनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी ती डासात वाढताना पाहिली. चर तुंबला की पाणी पायात साचतं, वर जंतूंचा संसर्ग होत राहतो, आणि काही वर्षांनी पाय हत्तीसारखा.

यात 'काही वर्षांनी' हे शब्द लक्षात ठेवा. आमच्या नात्यातल्या एका घरात मुलगी झाली, तिचा डावा पाय जन्मतःच सुजलेला. बारशाला आलेल्या बायका कुजबुजल्या, हत्तीपाय आहे, बाळाला फार जवळ घेऊ नका. एका ठिकाणी तर बाळ न तपासताच हत्तीरोग सांगून घरी पाठवलं. आईनं काही महिने बाळाला कुणाकडे नेणंच बंद केलं होतं. आता विचार करा. डास चावून, कृमी वाढून, चर तुंबून पाय सुजायला वर्षं लागतात. जन्मल्या दिवशी सुजलेला पाय डासाचा असेलच कसा? आणि डासाचा असता तरी हात लावून तो रोग कुणाला होत नाही.

जन्मतः सुजलेल्या पायाचं वर्णन १८९२ मध्ये अमेरिकेत ओमाहाच्या विल्यम मिलरॉय या डॉक्टरनं केलं होतं. एकाच घराण्याच्या सहा पिढ्यांतली ९७ माणसं, त्यातल्या २२ जणांचे पाय असे. शंभरेक वर्षांनी अशा घराण्यांत दोष सापडला, आणि तो निघाला व्हीईजीएफआर-३ मध्ये. म्हणजे त्याच कानात. हाक येते, पण पेशीला ती नीट ऐकू येत नाही. जन्मतः येणारी प्रत्येक सूज मिलरॉयचीच नसते, इतरही जनुकं आहेत. पण दोष गर्भात चर खणतानाच राहिला, एवढं सगळ्यांत सारखं.

या मुलीची तपासणी शेवटी मुंबईत झाली. पायाच्या बोटांच्या बेचक्यात सुईनं थोडा किरणोत्सर्गी द्रव सोडतात आणि कॅमेऱ्यानं बघतात तो वर कसा चढतो. किरणोत्सर्गी म्हटल्यावर आजी घाबरली, आमच्याकडे त्या शब्दाला तारापूर एवढाच अर्थ. मात्रा फार थोडी असते, काही तासांत ती विरते. उजव्या पायातला द्रव जांघेपर्यंत चढला, डाव्यातला बोटांपाशीच राहिला. सेबिननं डुकराच्या गर्भात जे केलं तेच हे, फक्त शाई बदलली.

उपाय? गोळीनं कृमी मरतो, पण बिघडलेला चर गोळीनं परत होत नाही. जन्मतः नसलेला तर नाहीच नाही. फिनलंडमध्ये व्हीईजीएफ-सीचं जनुक शरीरात सोडून नवीन लसिकावाहिन्या उगवता येतील का, याची चाचणी स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर हात सुजलेल्या बायकांवर झाली. २०२१ मध्ये आलेल्या निकालांतून ठाम फायदा दिसला नाही. म्हणून सध्या तरी जुनेच मार्ग: पाय रोज साबणानं धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या, चीर पडू द्यायची नाही, शिकवलेल्या पद्धतीनं पट्टी बांधायची, झोपताना पाय उशीवर. हत्तीरोगाच्या पायालाही हेच लागू. आणि मोहिमेची गोळी आली तर उपाशीपोटी नको, जेवून घ्या; दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि खूप आजारी माणसं सोडून सगळ्यांनी.

ती मुलगी आता शाळेत जाते. आईकडे शिंप्याचा टेप आहे, रोज सकाळी पट्टी बांधायच्या आधी आणि रात्री सोडल्यावर घोट्यापाशी मोजते आणि वहीत लिहिते. पावसाळ्यात दोन आकड्यांतला फरक वाढतो, कारण शाळेच्या वाटेवर पाणी असतं आणि पट्टी भिजते.